वरून येणारा हात

साबीनाच्या उजव्या अंगठ्यावर तिळाएवढा पांढरा व्रण होता. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझ्या चुकीची खूण." अर्धी चूक माझी होती, पण ते तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आता ती गेली, म्हणून मी सांगते.

आम्ही अंदावायलास गावाच्या वरच्या डोंगरातल्या. साबीनाचा नवरा लवकर गेला. बटाटा लावून आणि कुया पाळून तिनं एकटीनं लेकीला, रोसालबाला, वाढवलं. मी रोसालबाची धर्ममाता, म्हणून साबीना आणि मी एकमेकींना कोमाद्रे म्हणायचो. कुया, म्हणजे ते गिनीपिग, सगळ्यांच्याच चुलीमागे असतात. पण साबीनाच्या हाताला तोड नव्हती. चाळिसांच्या घोळक्यातून नेमकी हवी ती कुई ती मानेला धरून वरच्या वर उचलायची, चीं की चूं नाही. कुणाकडे लग्न असलं की कुयांच्या माना मोडायला साबीनालाच बोलावणं.

रोसालबा लिमाला शिवणकामाला गेली आणि तिथेच फुफ्फुसांच्या दुखण्यानं मेली. तिच्या आठ वर्षांच्या पोरीला, यानिनाला, आत्या ग्लादिस बसनं घेऊन आली. पोरीच्या मांडीवर एक पिंजरा होता आणि पिंजऱ्यात हॅमस्टर. मुठीएवढं, तपकिरी, सदा थरथरणारं. नाव कानेला. रोसालबानं मरायच्या आधी पोरीला घेऊन दिलेली ती शेवटची भेट.

ग्लादिस सरळ बोलणारी बाई. म्हणाली, "मावशी, माझ्या घरात आधीच पाच माणसं आहेत. पण पोर कुठेतरी रुजायला हवी. बटाटे निघाले की येईन. जेवतेय-खातेय, बोलतेय असं दिसलं तर ठेवा तुमच्याकडे. नाहीतर नेईन."

साबीनाला आता जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

पोर झोपेना. दचकून उठायची, आईला हाका मारायची. पाचव्या दिवशी साबीना माझ्या दारात आली. "कोमाद्रे, पोरीनं धसका घेतलाय. काढून दे."

मी हाडं बसवते, बाळंतपणं करते, धसकाही काढते. चाळीस वर्षं काढत आलेय, कुणाला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. मी काळी कुई आणली, पोरीच्या कपाळापासून तळपायापर्यंत अंगावरून फिरवली. दुखणं कुईनं घेतलं की ती हातातच मरते. ती मेली, पोरीच्या छातीवर. मग तिथेच परातीत कुईचं पोट चिरून, दुखणं कुठे बसलंय ते मी आत बघायला लागले, नेहमीसारखी.

आमच्या पोरी हे रांगत्या वयापासून बघतात. ही लिमाची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! ती ओरडली नाही. नुसती उठली, पिंजरा छातीशी धरला आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी साबीनानं त्यावर कडी केली. पिंजरा साफ करायचा म्हणून भर दुपारी झोपलेल्या कानेलाला तिनं वरून मानेला धरून उचललं. कुईसारखं. हॅमस्टर वळून कडाडून चावलं, दात अंगठ्यात रुतले. साबीनानं हात झटकला आणि ते जमिनीवर आपटलं. मागचा पाय चार दिवस ओढत होतं.

यानिना दारात उभी होती. मग संपलंच. तिनं हॅमस्टर स्वेटरच्या आत घातलं आणि दिवसभर काढेना. आजीच्या हातचा घास घेईना, भांड्यातला उकडलेला बटाटा स्वतः काढून घ्यायची. आजी पुढे आली की दोन्ही हातांनी पोट झाकायची. साबीनाशी एक शब्द नाही.

"लेकराला वाटतं, मी कानेलाला मारणार," साबीना म्हणाली.

"लहान आहे, विसरेल."

"ते मुकं जनावर स्वेटरात गुदमरून मेलं म्हणजे? मग कशी विसरेल?" तिचे डोळे भरले होते. मी तिला नवऱ्याच्या मातीलाही रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तिनं बावीसच्या बावीस कुया टोपल्यांतून माझ्या घरी आणून सोडल्या. म्हणाली, "तूच सांभाळ. माझ्या हाताला यांचा वास नको." मी तिला वेडी म्हटलं. खरंच म्हटलं, तोंडावर.

मग ती पोरीकडे बघत बसायला लागली. पोर हॅमस्टरला कधी वरून धरत नसे. झोपलेलं असताना हात लावत नसे. उन्हं गेली की ते आपणहून जागं व्हायचं, तेव्हा ती जमिनीवर फतकल मारून बसायची, म्हणजे पडलं तरी मांडीतच पडेल. हात खालून न्यायची, दोन्हींची ओंजळ करून. साबीनानं हे सगळं पाहिलं आणि एका संध्याकाळी राखेनं हात धुऊन पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसली. दार उघडलं, तळहात उताणा आत ठेवला, वर भाजक्या मक्याचा एक दाणा. बस्स. हलली नाही.

पहिल्या दिवशी हॅमस्टर कोपऱ्यातून बाहेरच आलं नाही. तिसऱ्या दिवशी बोट चावलं. साबीनानं हात ओढला नाही, ओठ आवळून बसली. यानिना खाटेवरून टक लावून बघत होती.

"काय गं, उंदरापुढे हात पसरून बसतेस रोज?" मी चिडवायची. "एवढी विनवणी नवऱ्याची केली असतीस तर बिचारा दहा वर्षं जास्त जगला असता!"

"गप बस, घाबरवशील तिला."

"कुणाला? उंदराला की पोरीला?"

आपली जुनी ओढणी फाडून तिनं एक चिंधी पिंजऱ्यात टाकली, वास ओळखीचा व्हावा म्हणून. तीन आठवड्यांनी कानेला तिच्या बोटांवर पुढचे दोन पाय ठेवून दाणा खायला लागली. पाचव्या आठवड्यात तळहातावर चढून बसली. पण साबीनानं तिला एकदाही उचललं नाही. "पोरीनं म्हणायला हवं," एवढंच बोलायची. पोरगी मात्र अजून बोलत नव्हती. जेवण आजीच्या हातून घ्यायला लागली होती, तेवढंच.

बटाटे निघाले. ग्लादिस आली. पोरीचे खोल गेलेले गाल पाहिले आणि म्हणाली, "भर कपडे." साबीनानं वाद घातला नाही. स्वतः घड्या घालून दिल्या.

खालच्या रस्त्यावर बस हॉर्न देत होती. घाईत ग्लादिसनं पिंजऱ्यात हात घातला आणि हॅमस्टर वरून धरलं. ते चावलं, ती किंचाळली, आणि कानेला निसटून चुलीमागच्या कुयांच्या रिकाम्या बिळात शिरली. मी काठी घेतली.

"सोड तो उंदीर," ग्लादिस बोट चोखत म्हणाली. "लिमात बाजारात हवे तेवढे मिळतात. दुसरा घेऊन देते."

यानिनाचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोमाद्रे, काठी ठेव. कुणी हलू नका," साबीना म्हणाली. ती बिळासमोर बसली. हात उताणा, वर मक्याचा दाणा. बस पुन्हा ओरडली, मग तिसऱ्यांदा, मग तिचा आवाज वळणावरून खाली खाली जात गेला. ग्लादिसनं कपाळावर हात मारून घेतला. साबीनाचा तळहात जागचा हलला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. आधी मिशा दिसल्या, मग नाक. कानेला आली, चढली, दाणा गालात कोंबला. साबीनानं दुसरा हात खालून लावून ओंजळ केली आणि छातीशी न धरता पोरीसमोर धरली.

"खाली बस आधी," ती म्हणाली. "मग घे. वाटेत स्वेटरात नको ठेवूस गं, गुदमरते. पिंजऱ्यात चिंधी आहे, तिच्यात झोपेल."

यानिना बसली. आजीला अगदी चिकटून बसली. पण हॅमस्टर घेतलं नाही. म्हणाली, "तुझ्याच हातात राहू दे, आजी."

चार महिन्यांतला पहिला शब्द. साबीना हुंदका देऊन रडली, पण ओंजळ हलू दिली नाही. ग्लादिस बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं एकटी गेली.

मी तशीच उभी होते, कुठे बघावं कळत नव्हतं. यानिनानं माझ्या हातांकडे पाहिलं.

"हात धू," ती म्हणाली. "कुईचा वास येतो."

मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. गेले, राखेनं दोनदा हात धुतले, येऊन गुडघे कुरकुरत जमिनीवर बसले आणि उताणा हात पुढे केला. कानेलानं लांबूनच वास घेतला आणि साबीनाच्या बाहीत शिरली.

"आज नाही यायची," यानिना म्हणाली. "उद्या परत ये."

मी दुसऱ्या दिवशी गेले.