अर्ध्या तासाने उठणारी

वयनीने ट्रेमधून मूठभर काजूगर घेतले आणि माझ्यासमोर कोब्यावर टाकले. म्हणाली, "उचल बघूया."

आम्ही चाळीसेक बायका त्या शेडमध्ये. काजूगरावरची साल सोलायचं काम. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच. सिमेंटच्या कोब्यावर एक पाय मुडपून बसायचं आणि ट्रेवर वाकायचं. वयनी म्हणजे मालकाची बायको. कारखाना तीच बघायची. त्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे बसायला एक स्टूल आणि ट्रे ठेवायला बाकडं मागितलं होतं. सोळा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. कंबर दुखते, खाली बसवत नाही, एवढंच म्हटलं.

तिच्यासोबत तिची मुंबईची जाऊ होती. डॉक्टर. चार दिवस सुट्टीला आलेली. वयनी आमच्याशी मालवणी बोलायची, तिच्याशी शुद्ध. म्हणाली, "बघ गं जरा हिला. खरंच दुखतंय की नाटक आहे, सांग."

डॉक्टरीण माझ्यापासून तीन हातांवर उभी राहिली. मला हात लावला नाही. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, काही विचारलं नाही. बघत राहिली.

मी वाकले. दोन-दोन, तीन-तीन करून गर उचलले. डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत तापलेली तार ओढावी तसं झालं. शेजारच्या ओळीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. एक गर माझ्या मागे गेला होता. वयनीने चपलेच्या टोकाने दाखवला. तोही उचलला.

डॉक्टरीण म्हणाली, "चेहऱ्यावर तर काही दिसलं नाही. यांना सवय असते."

तेव्हा कोणीतरी हसलं. मी मान वळवली नाही. हसणं ओळखीचं होतं. फिलोमिना. आम्ही तिला फिलू म्हणतो. अकरा वर्षं माझ्या शेजारच्या ट्रेवर बसणारी.

"बस जाग्यार," वयनी म्हणाली. "कंबर सगळ्यांचीच दुखता."

मी बसले.

चेहऱ्यावर काही दिसलं नाही, हे खरंच होतं. ते मला आईने शिकवलं. आई वयनीच्याच सासरच्या शेतात लावणीला जायची. दुपारी मागच्या दारी पाणी मिळायचं. करवंटीत, वरून ओतलेलं. म्हातारपणी तिची कंबर काटकोनात वाकली. जमिनीकडे बघत चालायची. तरी कोणी विचारलं तर म्हणायची, "माका काय दुखणा नाय." वयनीची सासू तिला म्हणायची, "किती सोशिक गो तू." आई ते घरी येऊन सांगायची. तोंडभर हसायची. आमच्या घराला त्या घराकडून एवढाच मान मिळाला. सोशिक. मीही तो मिरवला.

सहा वर्षं माझं दुखत होतं. सहा वर्षं मी ते लपवत होते. सोलण्यापेक्षा ते काम कठीण. पहाटे जाग आली की सरळ उठता यायचं नाही. कुशीवर व्हायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, भिंतीला हात लावायचा, मग उठायचं. नवरा जागा व्हायच्या आत. तो रिक्षा चालवतो. त्याला एकदा सांगितलं तर म्हणाला, "माझी काय कमी दुखता?" पुन्हा सांगितलं नाही. कट्टा बाजारातल्या मेडिकलमधून गोळ्या आणायचे. चिठ्ठी कोणी मागत नाही. आधी एक घ्यायचे, मग दोन, मग उपाशीपोटी तीन. पोटात आग पडायची. देवळात कौल लावला. देवाने उजवा दिला, म्हणजे बरं होणार. कंबरेला तो कळला नाही. एक्स-रे काढला. एक्स-रे बघणारा म्हणाला, "यात काही दिसत नाही."

कोणालाच काही दिसत नव्हतं. मग मलाही वाटायला लागलं, असेल नाटक. आपणच आळशी. बाकीच्या बसतात ना.

गर उचलले त्याच्या दुसऱ्या दिवशी मला उठताच आलं नाही. चार दिवस चटईवर. मोरीपर्यंत जायचं तर हातांवर सरकत. मुलीच्या आधाराने आंघोळ. त्या चार दिवसांत कंबरेपेक्षा ते हसणं जास्त दुखलं. आणि त्याहून एक गोष्ट जास्त दुखली. मी ते गर उचलले. तिने सांगितलं आणि मी उचलले. नाही म्हणता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चौथ्या दिवशी फिलू आली. हातात पेजेचं भांडं. दारातच उभी राहिली.

"तां हसणा माझा," ती म्हणाली.

"म्हायत आसा."

"वयनीची नजर माझ्याकडे वळात म्हणान भियालंय. माझे गुडघे तुझ्या कमरेपेक्षा वायट आसत. दिवसाक चार गोळ्यो खातंय."

अकरा वर्षं. आमच्यात दोन हातांचं अंतर. मुलांची लग्नं, नवऱ्यांची भांडणं, कोणाच्या घरी काय शिजलं, सगळं आम्हाला माहीत.

"माका सांगलंस कित्याक नाय?"

"तू तरी खंय सांगलंस?"

ती आत आली. माझ्या शेजारी भिंतीला टेकून पाय सरळ करून बसली. पाय सरळ करताना तिचं तोंड वाकडं झालं. तिने ते लपवलं नाही. मी पहिल्यांदा बघितलं.

आठवड्याने आम्ही दोघी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. घाटावरची. तिने मला पालथं झोपवलं, पाठीच्या एकेका मणक्यावर अंगठा ठेवून विचारलं, "इथे? की इथे?" नंतर विचारलं, "दुखायला लागलं की तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, "काय करतलंय? काम."

ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, हे पूर्ण जाणार नाही. खोटं सांगत नाही. पण त्याच्यासोबत जगता येतं. तुम्ही दुखेपर्यंत बसता, मग चार दिवस पडता. दुखायच्या आधी उठायचं. दर अर्ध्या तासाने. पाच मिनिटं चालायचं. ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशीही. बरं वाटतंय म्हणून सगळी कामं एका दिवशी उरकायची नाहीत."

"एक्स-रेत काय दिसणा नाय," मी म्हटलं.

"दुखणं एक्स-रेत दिसायलाच हवं असं नाही. तुम्ही सांगता ना? तेवढं पुरे."

दवाखान्याच्या पायरीवर येऊन मी रडले. सहा वर्षांत रडले नव्हते. फिलू पाठीवर हात फिरवत राहिली.

गोळ्या डॉक्टरांनी बदलून दिल्या. जेवल्यावर, मोजून. सकाळी वीस मिनिटं व्यायाम. सगळ्यांदेखत, ओटीवर. नवऱ्याने दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच चूल पेटवली. हे सगळं जमलं. राहिला अर्धा तास. तो कारखान्यात होता.

सोमवारी गेले. आठला बसले. वयनीच्या केबिनच्या भिंतीवर घड्याळ होतं. साडेआठला ट्रे बाजूला केला आणि उठले. दारापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. चाळीस बायकांचे हात थांबले.

वयनी बाहेर आली. "कोणाक इचारून उठलंस?"

"कोणाक नाय."

"फेऱ्यो मारूक ही काय बाग आसा? बसाक जमणा नाय तर उद्यापासून येव नको."

मी तिच्याशी जन्मात शुद्ध बोलले नव्हते. शुद्ध बोलायचं ते तहसील कचेरीत, शाळेत. मोठ्या माणसांसमोर, मान खाली घालून. त्या दिवशी मान वर ठेवून बोलले.

"मला काढायचं असेल तर काढा. पण लिहून द्या. कारणही लिहा. कंबर दुखते म्हणून अर्ध्या तासाने उठली, म्हणून काढली. खाली सही करा."

मी काही वाईट बोलले नव्हते. आवाजही चढवला नव्हता. तिच्या तोंडावर मात्र मी तिला शिवी दिल्यासारखं दिसत होतं.

"माज चढलो तुका," ती म्हणाली.

माझी पाच मिनिटं व्हायची होती. ती चालले. मग बसले.

नऊला पुन्हा उठले. या वेळी शेजारून फिलूही उठली. गुडघ्यांवर हात दाबून, हळूहळू. बाकी कोणी उठलं नाही. त्यांचा राग नाही. मी सोळा वर्षं बसलेच होते ना.

वयनीने लिहून दिलं नाही. काढलंही नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ मात्र काढून नेलं. फिलू आता भावाने आखातातून पाठवलेलं मनगटी घड्याळ घालून येते. आज आम्ही पाच जणी उठतो. स्टूल आणि बाकड्यांसाठी मालकाकडे अर्ज दिला आहे. पाच सह्या, दोन अंगठे. अंगठेवाल्या दोघी अजून उठत नाहीत, पण अंगठा दिला. उत्तर आलेलं नाही. वयनी माझ्याशी बोलत नाही. शेडवर देखरेख करणारी मुकादमीण माझ्या ट्रेतले तुटलेले गर आधी शोधते. वाईट दिवशी माझा माल कमी निघतो. निघू दे.

दुखणं गेलेलं नाही. हे लिहितानाही आहे. मरेपर्यंत असेल. त्याला सांभाळायचं कसं, ते मी शिकले. ते लपवायची चाकरी सोडली. माझ्या मुलीला कोणी सोशिक म्हटलं, तर त्या माणसाला मी माझ्या दारातून परत पाठवीन.

अर्जाचं उत्तर नाही आलं तर दुसरा अर्ज करू. तोवर उद्या आठला बसणार. साडेआठला उठणार.