अकरा कॅसेटींचे इब्राहिमभाई

अमिनाचा फोन आला तेव्हा मी दुबईत, करामा वस्तीतल्या घरी इस्त्री करत होते. "मावशी, अब्बा गेले... काल, असरच्या नमाजानंतर. खुर्चीत बसल्या बसल्या." एवढं बोलून ती थांबली आणि मग तिनेच मला विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना? बसा जरा." अगदी बापाचं वळण. स्वतःवर आभाळ कोसळलं तरी समोरच्याला आधी खुर्ची द्यायची.

इब्राहिम परकार हे नाव वाचकांपैकी कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. दाभोळच्या खाडीकाठचा हा माणूस अठरा वर्षं दुबईत होता आणि त्यातली बहुतेक एका अमेरिकन टीव्ही स्टुडिओच्या कॅसेटी सांभाळण्यात गेली. स्टुडिओ कॅलिफोर्नियात. दुबईत त्यांचं छोटं ऑफिस होतं, कारण नव्वदच्या सुमारास आखातात सॅटेलाइट चॅनेल्स भराभर निघाली आणि त्या सगळ्यांना चोवीस तास दाखवायला काहीतरी हवं होतं. कुठली मालिका कुठल्या चॅनेलला कधी पाठवायची, ते मी बघायचे. कॅसेटींचं गोदाम रास अल खोरला, गॅरेजं आणि भाजीच्या घाऊक बाजाराच्या मधे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत एवढा गारठा की इब्राहिमभाई बाराही महिने स्वेटर घालून बसायचे.

पहिल्याच दिवशी मी त्यांच्याशी हिंदीत सुरू झाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय, डोंबिवलीची ना तू? मग मराठीत बोल की." त्या दिवसापासून मी 'बाय' झाले ती शेवटपर्यंत.

त्यांचं मुख्य काम म्हणजे प्रत्येक भाग आधी स्वतः बघायचा आणि इथल्या सेन्सॉरला खटकेल ते रजिस्टरमध्ये लिहायचं, मिनिट-सेकंदासकट. शेरे मराठीत. 'चुंबन, लांब.' 'चुंबन, गालावर, आजीचं, चालेल.' 'डुक्कर, ताटात.' 'डुक्कर, जिवंत, कार्टून.' मी हसायला लागले की ते गंभीरपणे म्हणायचे, "हसू नको. उद्या कोण नवीन आला तर त्याला समजलं पाहिजे." एका पोलिसी मालिकेत खुनी शेवटी गुन्हा कबूल करतो तो नेमका हातात दारूचा ग्लास धरून. चॅनेलवाल्यांनी अख्खा प्रसंग उडवला आणि दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांचे फोनावर फोन... खून केला कुणी? इब्राहिमभाईंनी उपाय सुचवला, चित्र जरा मोठं करा, ग्लास चौकटीबाहेर जाईल, तोंड राहील. तसं केलं. तो भाग पुन्हा लागला तेव्हा ते इतके खूश होते की सगळ्या ऑफिसला समोसे आणले.

अमेरिकेला ते कधी गेले नाहीत, पण त्या स्टुडिओचा इतिहास त्यांना स्वतःच्या घराण्यासारखा पाठ होता. कॅसेटींच्या खोक्यांतून जाहिरातीची जुनी पुस्तकं यायची, ती ते डिक्शनरी घेऊन वाचायचे. मालक मूळचा रेडिओवर बातम्या सांगणारा. त्याने संत्र्यांच्या बागेशेजारी दोन शेड भाड्याने घेतल्या आणि एक घरगुती विनोदी मालिका काढली. तिच्या जोरावर पोलिसांची, मग इस्पितळाची. म्हातारा गेल्यावर मुलांकडे आलं. "थोरल्याला धंदा समजला, धाकट्याला फक्त मोटारी," इब्राहिमभाई सांगायचे, जणू दोघं शेजारच्या आळीत राहतात. धंद्याचं मर्मही त्यांनीच मला समजावलं. नवीन मालिकांत दहातल्या आठ बुडतात. पण एक चालली की ती देशोदेशी पुन्हा पुन्हा विकायची. स्टुडिओ म्हणजे शेड नाहीत, नट नाहीत, या कॅसेटी. "ह्या गेल्या की खलास."

आणि एक दिवस त्या जाण्याचीच वेळ आली. दोन हजारनंतरची गोष्ट. एका बड्या कंपनीने तो स्टुडिओ विकत घेतला. मोठ्या कंपनीची आखातात आधीच शाखा होती, त्यामुळे आमचं ऑफिस बंद. हुकूम आला की दुबईतल्या कॅसेटी फक्त प्रती आहेत, मूळ सगळं कॅलिफोर्नियात आहे, तेव्हा इथलं सारं मशीनमध्ये घालून चुरा करा आणि दाखला पाठवा.

गोदामाच्या दारात ट्रक लागला. माणसं खोकी उचलू लागली. इब्राहिमभाईंनी अकरा कॅसेटी बाजूला काढल्या, लोखंडी कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली स्वेटरच्या आतल्या खिशात टाकली. त्या पहिल्या घरगुती मालिकेचे, शेवटच्या वर्षाचे अकरा भाग.

आमचे मॅनेजर ग्रॅहमसाहेब धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याची स्वतःची नोकरी जात होती. "इब्राहिम, खलास. ऑर्डर इज ऑर्डर."

"सर, ऑर्डर कॉपी के लिए है. धिस नॉट कॉपी."

त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. दोन वर्षांपूर्वी मलेशियाच्या एका चॅनेलने ती मालिका घेतली होती. बाकीचे भाग कॅलिफोर्नियाने पाठवले, पण हे अकरा मात्र दुबईतून पाठवा म्हणून आम्हाला सांगितलं होतं. "ज्याच्या घरात वस्तू आहे तो आपल्याकडे कशाला मागेल?" हे ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, आणि मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं.

"कॅलिफोर्नियाच्या यादीत आहेत त्या," साहेब म्हणाले.

"सर, लिस्ट मत देखो. रॅक देखो. किसी को बोलो, जाके रॅक देखे."

साहेबांचा आवाज चढला. किल्ली दिली नाहीस तर आजच व्हिसा रद्द करतो, वर बंदी घालतो, पुन्हा या देशात पाऊल ठेवता येणार नाही. अमिना तेव्हा बारावीत होती, तिला फार्मसीला जायचं होतं आणि इब्राहिमभाई दुसरी नोकरी शोधत होते. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "द्या ना किल्ली. त्यांची वस्तू, त्यांनी बुडवली तर आपलं काय जातं?" त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "बाय, मी तिकडचं एक माणूस बघितलेलं नाही. पण मला ठेवलंय कशाला? सांभाळायला. मग शेवटच्या दिवशीच कसं सोडू?"

साहेबांनी काय विचार केला ठाऊक नाही. ट्रक उभा ठेवला आणि कॅलिफोर्नियाला फॅक्स केला. सकाळी उत्तर आलं होतं. ते मीच आधी वाचलं आणि मग सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तिकडे सामान नव्या गोदामात हलवताना एका कोपऱ्यात पाणी गळलं होतं, तिथले डबे बुरशीने गेले होते. यादी मात्र कुणी बदलली नव्हती. त्या अकरा भागांची धड प्रत जगात आणखी कुठेही सापडत नव्हती. 'नष्ट करू नका' हे वाक्य दोनदा लिहिलं होतं.

इब्राहिमभाईंनी कॅसेटी स्वतः पुसल्या, कापडात गुंडाळल्या आणि कुरियरवाल्याला तीन वेळा बजावलं, "उन्हात ठेवू नको, हबीबी." पुढे आभाराचं पत्र आलं, 'दुबई ऑफिस'च्या नावाने. ग्रॅहमसाहेबांनी त्यावर पेनाने 'इब्राहिम परकार' असं लिहिलं आणि उभं राहून ते त्यांच्या हातात दिलं. महिन्याभराने ऑफिस बंद झालं. व्हिसा आम्हा सगळ्यांचाच रद्द झाला. मला दुसरीकडे काम मिळालं, त्यांना मिळालं नाही. ते गावी परतले, सहा वर्षं आंब्याच्या बागेत रमले, अमिनाला फार्मसिस्ट झालेली पाहिलं... आणि गेले.

चाळिसाव्या दिवसाच्या दुआला मी त्यांच्या गावी गेले. त्यांच्या पत्नी झुबेदाभाभींनी मला माजघरात नेलं आणि एक खण उघडून दाखवला. आत गाण्यांच्या असतात तसल्या छोट्या कॅसेटी, शंभरएक तरी. फोन महाग होता तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती भाभी आपलं बोलणं कॅसेटीत भरून पाठवायच्या, तीच सगळी पत्रं इब्राहिमभाईंनी दुबईहून जपून परत आणली होती. प्रत्येकीवर चिठ्ठी. 'बारावं मिनिट, झुबेदाला खोकला, औषध पाठवणे.' 'विहिरीचा रहाट, छान.' 'अमिना पहिल्यांदा अब्बा म्हणते, ७ मि. २० से.'

"हे मला माहीतच नव्हतं," अमिना म्हणाली. तिने ती कॅसेट टेपमध्ये घातली. खरखर, कोंबड्यांचा आवाज, मग तरुण झुबेदाभाभी, लाजत, पावसाबद्दल काहीतरी सांगणाऱ्या. आम्ही तिघी घड्याळाकडे बघत होतो. सातवं मिनिट लागलं तेव्हा भाभी "चहा ठेवते" म्हणून उठल्या आणि दारातच थांबल्या.