दुखलं तर ओरड

गल्लीत त्याला सगळे उस्ताद म्हणत. दोन खुर्च्यांचं सलून, समोर भिंतभर आरसा, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हात ठेवला की त्याच्या घरात काय शिजतंय ते सांगायची खोड. निम्मं चुकायचं. पण सांगायचा असा ठासून, की गिऱ्हाइकाला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकत असावं.

डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं नाव सांगितलं तेव्हा मात्र उस्तादाची बोलती बंद झाली. उन्हाळा निघेल, पुढचं काही सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मरणाचं मला काही वाटत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. ते साफ खोटं होतं. पण त्याहून मोठा घोर होता तो मुंगीचा.

मुंगी म्हणजे त्याची सात वर्षांची लेक. ती रांगत होती तेव्हाच आई गेली, तेव्हापासून आई-बाप दोन्ही हाच. तिचे कमरेपर्यंतचे दाट केस तो रोज सकाळी स्वतः विंचरायचा, वेणी घालायचा. पोरीचा कसला हट्ट नाही, रडणं नाही, तक्रार नाही. शेजारणी म्हणत, "पोर कशी गुणाची आहे!" की बापाची छाती गजभर फुगायची.

आता हिला कुणाच्या ओटीत घालायची? जवळची घरं दोनच, आत्याचं आणि मावशीचं. उस्तादाने परीक्षा काढली, तीही आपल्या धंद्यातलीच. गुंता सोडवताना जाणता माणूस केस मुळाशी धरून ठेवतो, म्हणजे ओढ टाळूला लागत नाही. जो आपणहून असं धरेल त्याला दुसऱ्याच्या दुखण्याची जाण असणार. ठरलं तर मग. मुंगीचे केस मुद्दाम न विंचरता न्यायचे, आणि "आज माझ्या हातात जोर नाही, तेवढी वेणी घालून द्या," म्हणत फणी पुढे करायची.

आत्याचं घर मोठं. मुंगीसाठी वेगळी खोली काढून तिथे नवे पडदेसुद्धा लावून झाले होते. आत्याने केस मुळाशी धरले, हळूहळू विंचरले, चापूनचोपून वेणी घातली.

"दुखलं का गं राणी?"

"नाही आत्या."

पैकीच्या पैकी मार्क! उस्तादाच्या मनात निकाल तिथेच लागला. मेहुणीला वाईट वाटायला नको, एवढ्यासाठीच तो मुंगीला घेऊन मावशीकडे गेला.

मावशी कामावर गेली होती. घरी होता तिचा नवरा, उस्तादाचा साडू, लोखंडी जाळ्या आणि दरवाजे बनवणारा वेल्डर. फणी त्याच्या हातात आली आणि त्याने ती थेट टाळूपासून खाली खेचली. उस्तादाने कपाळावर हात मारला. मुंगीने ओठ घट्ट मिटले. साडू थांबला.

"ए, तुझे खांदे का वर गेले? दुखलं?"

"नाही काका."

"खोटं! दुखलं तर ओरड की. आमच्या वर्कशॉपात दिवसभर ठणठणाट. हळू बोललेलं मला ऐकूच येत नाही."

त्याने पुन्हा खेचलं.

"आई गं! काका, दुखतंय!" मुंगी एवढ्या जोरात किंचाळली की स्वतःच दचकली.

"हां, आता कळलं. मग कसं करू?"

"खालून सुरू कर! तुला काहीच येत नाही!"

"नाहीच येत. तू शिकव."

वेणी झाली ती बघवत नव्हती. पण ती होईपर्यंत मुंगी आणखी चारदा ओरडली, एकदा रडली आणि शेवटी खो खो हसली.

परतताना उस्तादाला दम लागला. दोघं रस्त्याकडेच्या बाकावर टेकली. त्याने विचारलं, "आत्याकडे खरंच दुखलं नव्हतं?"

"थोडंसं. पण तिने एवढे छान पडदे लावलेत ना."

"आणि मी विंचरतो तेव्हा?"

मुंगी चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिली. "तुझे हात हल्ली थरथरतात, बाबा. रोज दुखतं. तू आजारी आहेस, म्हणून नाही सांगितलं."

ज्या गुणावर उस्तादाची छाती फुगत होती, तो गुण हा होता तर. आपल्यामागे पोरगी त्या सुरेख खोलीत दात-ओठ आवळून जन्म काढेल, हे त्याला लख्ख दिसलं.

"आणखी कुठे दुखतं का गं?" त्याने भीतभीत विचारलं.

मुंगीने चपलेचा पट्टा सोडून दिला. मग तिच्या तोंडून फुटलंच, भर रस्त्यात, सगळा जोर लावून: "तू मरणार आहेस ते! तू जाऊ नकोस!"

येणारे-जाणारे वळून बघू लागले. उस्तादाने तिला कवेत घेतलं, पण गप्प केलं नाही. ती पोटभर रडली. तोही रडला, आणि मनातल्या मनात त्या अडाणी हाताच्या वेल्डरचे त्याने पाय धरले. बहीण रुसेल, तिची समजूत काढता येईल. रडं ओसरल्यावर उस्ताद उठला, तिचं नाक पुसलं, आणि दोघं आल्या वाटेने परत मावशीच्या घराकडे चालू लागली.