झिंगा, झिंगी आणि नातीच्या बाटल्या

गेल्या वर्षी देवपूरच्या कॉलेजात शिकणारी माझी नात तापीतले झिंगे घेऊन आली. जाती ओळखून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात द्यायच्या होत्या. मी म्हटलं, त्यात काय गं! लांब नांग्यांचा तो झिंगा, आखूड नांग्यांची ती झिंगी. दोन जाती. तिनं चिठ्ठ्या लावल्यासुद्धा.

मग भिंगातून बघून किंचाळली, "आजी, हे नर-मादी आहेत! जात एकच!"

"मंग हाई बारीक काय शे?" एका बाटलीतले इवलेसे झिंगे दाखवून मी विचारलं.

"पिल्लं असतील, नाहीतर दुसरी जात. कपाळावरच्या करवतीसारख्या काट्याचे दात मोज, त्यावरून जात कळते."

मोजले. एकदा आठ आले, एकदा दहा. शेवटी तिनं त्या बाटलीवर लिहिलं, 'ओळख पटली नाही'. मलाही नाहीच पटली, बाई.