झाकण सैल केले तेव्हा

बाबांच्या मूत्रपिंडांनी काम थांबवले, तेव्हापासून माझे राखणदाराशी, आमच्या वाटेच्या रक्षक देवाशी, बोलणे बंद झाले होते. डिचोलीकडच्या आमच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, वडाखाली त्याची शिळा आहे. तिथून जाणारा गाडीवाला क्षणभर थांबतो, विडी पेटवून शिळेपुढे ठेवतो आणि वाट सांभाळ म्हणून सांगतो. बाबांनी जन्मभर हे केले, तरी त्यांच्याच नशिबी सुया आणि नळ्या का, असा माझा राग. मी गाडी न थांबवता पुढे काढायचो. शेजारी बसलेले बाबा चालत्या गाडीतूनच हात जोडायचे.

डायलिसिससाठी त्यांना म्हापशाला न्यायचे ते माझ्याच नारळ वाहणाऱ्या जुन्या पिकअपमधून. आदली खेप चुकली होती, कारण ही गाडी गावातच बंद पडून चालूच झाली नाही. बाबांचे पाय सुजले, दोन पावले चालले तरी धाप लागू लागली. मेकॅनिकने डिझेलचा फिल्टर बदलला आणि आता बिनधास्त जा म्हणाला. तरीही त्या दुपारी वडाच्या जरा पुढे इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी थांबली. स्टार्टर जोरात फिरत होता, इंजिन काही पेट घेईना. फिल्टरवरचा हातपंप दाबला तर तो आत गेला तो आतच राहिला. मोबाईलला रेंज नव्हती. बाबांच्या छातीची घरघर मला बॉनेटपाशी ऐकू येत होती.

तेवढ्यात बाबांनी खिडकीतून शिळेकडे तोंड केले आणि गाऱ्हाणे घालायला सुरुवात केली. "बा देवा राखणदारा, आज तुजी लेकरां तुज्या वाटेर अडाकली आसत. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, नि वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला कोणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणावे लागते, नाहीतर ते अधांतरी राहते. तिथे म्हणणारा मी एकटाच होतो. माझे ओठ उघडले नाहीत.

"व्हय म्हाराजा!" मागून आवाज आला.

काजूची बोंडे गोळा करणारी एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन उभी होती. तिने पाटी खाली ठेवली, माझी खटपट पाहिली आणि विचारले, "टाकयेक हवा खेळता मरे, पुता? ढाकण सैल कर पळय. माजो घोव खाणीर टरक चलयतालो, तेचो टरक असोच बंद पडटालो."

तिच्या नवऱ्याच्या ट्रकची गोष्ट ऐकून मी चमकलो. डिझेल चोरीला जाते म्हणून महिन्यापूर्वी मीच टाकीला कुलपाचे झाकण बसवले होते, आणि वर शहाणपणा म्हणून आतून ट्यूबचे रबर कापून घट्ट दाबले होते; टाकीत हवा जायची वाटच त्याने बुजली होती. झाकण फिरवताच टाकीने सुस्काऱ्यासारखा आवाज करत हवा आत ओढली. पंप दाबला, तो हाताला कडक लागू लागला. चौथ्या चावीला इंजिन सुरू झाले. मला रडू आले, लपवायलाही सुचले नाही.

म्हातारीचे नाव विचारायचे राहिले. झाकण सैल ठेवूनच आम्ही म्हापसा गाठला आणि बाबांना वेळेवर यंत्राला लावले. पुढे किती तरी दुपारी मी सड्यावर तिला शोधले, पण ती भेटली नाही. बोंडे वेचून ती आपल्या घरी गेली असणार, याहून वेगळे मी काही म्हणत नाही. एवढेच कळते, की चोराच्या भीतीने मी जे आवळून ठेवले, त्यानेच माझी वाट अडवली होती, आणि ते सोडायला सांगणारे माणूस हाकेच्या अंतरावर होते. त्याबद्दल मी आजन्म ऋणी आहे.

बाबांचा आजार गेलेला नाही, जाणारही नाही. मी आता ते मागतही नाही. त्यांना यंत्राला लावायच्या दिवशी मी वडाखाली गाडी उभी करतो आणि विडी पेटवून ठेवतो. बाबांना हल्ली पुरते गाऱ्हाणे घालण्याएवढा दम पुरत नाही, अर्ध्यावरच आवाज तुटतो. ते थांबतात आणि माझ्याकडे बघतात.

"व्हय म्हाराजा," मी म्हणतो.