मॅडमनी बंद करायला सांगितलंय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि माझ्यासारख्या माणसाने एखादी गोष्ट सांगितली नाही, म्हणजे काय असेल विचार करा! पारनेर तालुक्यातल्या निम्म्या लग्नांत माइक माझ्या हातात असतो. पुढाऱ्याची गाडी अजून दोन गावं लांब असताना 'साहेबांचं आगमन झालेलं आहे' असं मी छातीठोकपणे सांगतो. मुहूर्त टळून गेला तरी मांडव हसता ठेवतो. थापा मारणं हे माझं काम आहे म्हणा ना — पण त्या थापा साऱ्या मांडवाला ठाऊक असतात. ही एक कुणालाच ठाऊक नाही.

माझी बायको मार्था आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवते. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आधी पताका लावताना ती बाकावरून घसरली आणि डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटली. नगरला नेलं, फोटो काढले. रक्तस्राव नव्हता, हाडही शाबूत. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय, होईल बरं.

कसलं बरं? मान वळवली की हिच्याभोवती घर फिरायचं. गीतांच्या पुस्तकातल्या ओळी पोहायला लागायच्या. वाटी पडली तरी कपाळ धरून बसायची — आणि माझा आवाज तर वाटीपेक्षा मोठा! नातेवाइकांचं एकच पालुपद, "पडून ऱ्हाऊ द्या, लई हलवू नका." पडून राहिली. आठवड्यांमागून आठवडे गेले आणि घेरी वाढतच गेली. शेवटी डॉक्टरांनी नगरमधल्याच एका फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पाठवलं.

मला हसूच आलं. गुडघ्याला फिजिओथेरपी ठीक आहे, डोक्याला कसली? मॅडम तरुण होत्या, पण बोलणं स्पष्ट. म्हणाल्या, डोळे, कानातला तोल सांभाळणारा भाग आणि मान यांचा एकमेकांशी मेळ बिघडलाय. तो मेंदूला पुन्हा शिकवावा लागेल. सुरुवातीचे एक-दोन दिवस आराम ठीक. त्यानंतर पडून राहिलं की मेंदू काहीच शिकत नाही. थोडी घेरी आली तर येऊ द्यायची, ती ओसरली की पुढचा व्यायाम. जास्तच वाढली तर थांबायचं.

आणि मग आमच्या घरात काय सुरू झालं म्हणता! सकाळी विचारावं, "चहा झाला का?" — तर बाई हात लांब करून अंगठ्यावर नजर रोखून मानेनं नाही-नाही करतायत. तो व्यायाम होता. नजर अंगठ्यावर, मान डावीकडे-उजवीकडे. मग पडवीत सरळ रेषेत चालायचं, चालताना मान वळवायची, आणि मी मागून विकेटकीपरसारखे हात पसरून चालायचं. मग मानेचे व्यायाम. मग ती घेरी येऊन बसणार आणि मी ओरडणार — अगं, जी थांबवायची तीच घेरी रोज आणायची, हा कुठला इलाज? दर गुरुवारी एसटीने नगर. वाटेत तिला मळमळायचं आणि प्लॅस्टिकची पिशवी धरून मी. डोकं तिचं आपटलं होतं, उठलं होतं माझं.

पण फरक पडत होता. हे मला सांगायलाच हवं — पडत होता. एका संध्याकाळी ती पेटीपुढे बसली आणि पुस्तकात बघून एक अख्खं कडवं वाजवलं. हळू, पण न थांबता. मग वर बघून हसली.

त्यानंतरच्याच आठवड्यात मी ते केलं.

लग्नसराई होती आणि गुरुवारच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या बुडत होत्या, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलोय. खरं आहे का ते? सुपारी एखादीच बुडाली असेल. खरं असं — त्या दवाखान्यात मॅडम विचारायच्या मार्थाला आणि उत्तर द्यायचो मी. नकला करून, हात नाचवून, रंगवून. एकदा त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा. त्यांना बोलू द्या." बाहेर! मला! ज्याला गप्प करायची आमदारांची हिंमत नाही! मी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलो आणि आतून मार्थाचा आवाज येत राहिला. ती इतकं बोलते, हे मला माहीतच नव्हतं.

एवढंच. एवढ्यासाठी.

एका मांडवामागून मी मॅडमना फोन लावला. "मॅडम, कमाल झाली! अख्खा रविवार पेटी वाजवली तिनं, स्वतः बाजारात जाऊन आली!" काय रंगवलं म्हणता. त्यांना इतका आनंद झाला, की म्हणाल्या, आता यायची गरज नाही, त्यांना शाबासकी सांगा. घरी येऊन मी मार्थाला सांगितलं, "मॅडमनी बंद करायला सांगितलंय. आता आपोआप होईल."

"पण मला अजून फिरतंय की," ती म्हणाली.

"त्यांना ठाऊक आहे ते."

तिनं ऐकलं, व्यायाम सोडले. शाबासकीचा निरोप मी दिला नाही.

जे थोडं सुधारलं होतं, तेही हळूहळू गेलं. पेटी दुसऱ्या बाईकडे गेली आणि मार्था दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागली, गीत सुरू झालं की बाहेर पडता यावं म्हणून. म्हणायची, माझंच शरीर आळशी. वर्षभराने तिच्या बहिणीने तिला पुण्यात एका फिजिओकडे नेलं. व्यायाम तेच — अंगठा, मान, सरळ रेष. काही महिन्यांत ती पुन्हा पेटीवर बसली. पुण्याच्या बाईंनी विचारलं होतं, मधेच बंद कुणी करायला लावलं? मार्थाने नगरच्या मॅडमचं नाव सांगितलं.

आता ती सगळ्यांना तेच सांगते. गेल्या महिन्यात शेजारच्या इंदूवहिनी आल्या होत्या. त्यांची सून स्कूटीवरून पडली, डोक्याला मार बसला, उठली की गरगरतं. डॉक्टरांनी त्याच मॅडमकडे पाठवलं होतं. "मार्थाबाई, कशी हाय वो ती?"

"नका जाऊ तिच्याकडं. अर्धवट सोडते ती. माझं वर्ष वाया घालवलं तिनं."

पुण्याला नेणं त्यांना जमणारं नव्हतं. इंदूवहिनी माझ्याकडे वळल्या. "व्हय का, भाऊजी?"

मार्थाही माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणालो, "व्हय."

त्यांनी सुनेला कुठेच नेलं नाही. ती पोर अजून भिंत धरून चालते.