मन साफ होईपर्यंत

समजा, तुम्ही एका अरुंद न्हाणीघरात स्टुलावर उभे आहात. मेन स्विच बंद केलाय, टेस्टर लावून दोनदा खात्री केलीय. गिझरचं झाकण उघडता. आत तीन तारा, त्यातली हिरवी, अर्थिंगची, सुटून लोंबतेय. ती सुटली तरी पाणी तापतंच, म्हणून घरच्यांना पत्ता नसतो. पण उद्या आत करंट उतरला, तर तो नळापर्यंत येणार. तुम्ही तार जोडता, स्क्रू आवळता, खाली उतरता.

वायरमनने हे काम अकरा वर्षं केलं. आठवडाभर तो छापखान्यातली यंत्रं सांभाळायचा आणि शनिवारी चर्चमधल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी फुकट कामं करायचा. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब त्याचे आभार मानायचे. माना त्याच्याकडे वळायच्या. एका रविवारी ते विसरले. घरी तो ताटावरून अर्धवटच उठला.

"नाव घेतलं नाही म्हणून ना?" बायकोने नेमकं ओळखलं.

त्याला स्वतःची किळस आली. म्हणजे इतकी वर्षं आपण देवाला फसवत होतो? त्याने ठरवलं, मन साफ होईपर्यंत कोणाच्याही घरी जायचं नाही. रोज सकाळी गुडघे टेकून तो तेवढंच मागू लागला.

तिसऱ्या आठवड्यात मावशींचा फोन आला. चर्चमागच्या गल्लीतल्या, ऐंशी ओलांडलेल्या, सगळ्यांच्याच मावशी.

"अरे, नळाला हात लावला की मुंग्या येतात. म्हातारपण आहे की गिझर, तेवढं बघून जा बाबा."

"आधी बटण बंद करा मावशी, मगच नळ सोडा. आणि दुसऱ्या कोणाला तरी बोलवा."

"तू धडधाकट असताना दुसरा कशाला?"

फोन ठेवून त्याने हत्यारांची पिशवी उचलली. दारापर्यंत गेला. तेवढ्यात मनात आलं, मावशी हे रविवारी चारचौघांत सांगतील. आणि त्याला बरं वाटलं. तो थबकला. पिशवी परत खुंटीला अडकवली.

बायको बघत होती. "तुमचं मन धुऊन, वाळवून, इस्त्री होईस्तोवर मावशींनी अंघोळच करायची नाही का?"

"असल्या मनाने गेलो तर ती सेवा नाही, नाटक आहे."

"मग नाटक करा! पण जा."

तो गेला नाही.

मावशी चार दिवस आठवणीने बटण बंद करत होत्या, असं शेजारीण नंतर म्हणाली. पाचव्या दिवशी सकाळी शेजारणीलाच त्या न्हाणीघरात सापडल्या. नळ चालू होता, बटणही.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या वायरमनभाऊंनी मावशींची किती वर्षं सेवा केली." माना वळल्या. त्याने वर पाहिलं नाही.

मग छापखान्यात रजा टाकून त्याने उरलेल्या सतरा घरांतला एकेक गिझर उघडून पाहिला. दोन ठिकाणी हिरवी तार सुटलेली निघाली. मनात काय चाललंय ते पाहायला तो थांबला नाही. काम संपल्यावर पाळकसाहेबांकडे जाऊन त्याने सगळं सांगून टाकलं.

पाळकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "देव अंतःकरण बघतो, भाऊ. तुमची तळमळ त्याला ठाऊक आहे."

"शाबासकीसाठी गेलो असतो तर मावशी आज असत्या," वायरमन म्हणाला. "मी घरी बसून मन साफ राखलं. त्या मनाचं देव आता काय करेल, साहेब?"